डब्याला घाम येऊ दे

मैत्रिणींनो, सजवलेला केक फ्रीझरमध्ये ठेवला तर चालतो का, असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. कधी भाजीबाजारात, कधी लग्नाच्या पंगतीत. एकदा तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि तेही माझ्या तोंडात दोन्ही हात घालून. मी "अं अं" केलं. त्यांनी त्याचा अर्थ "हो" असा घेतला असावा, कारण पुढच्या खेपेला त्या माझ्याशी जरा तुटकच वागल्या.

म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

मी नाशिकची. गंगापूर रोडला राहते. गेली अकरा वर्षं घरच्या घरी केकच्या ऑर्डरी घेते. सुरुवात झाली ती मुलाच्या वाढदिवसाला कुकरमध्ये मीठ पसरून केलेल्या केकने. आता ओव्हन आहे आणि मागच्या खोलीत एक आडवा डीप फ्रीझरही आहे. दोनशे लिटरचा. आइस्क्रीमच्या एका बंद पडलेल्या दुकानातून सेकंडहँड घेतला. तो घरात आला त्या दिवशी आमचे हे त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "यात मला ठेवायचा विचार आहे का?" असो.

साध्या केकबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. खुशाल ठेवा. उलट केक मऊ राहावा म्हणून आपण तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सरकवतो, तिथेच तो सगळ्यात लवकर वातड होतो. मैद्यातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो, आणि फ्रीजमधली ती चार-पाच अंशांची थंडी त्याला फार मानवते. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी कसा टणक होतो, तसंच. पार गोठवून टाकला, म्हणजे उणे अठरा अंशांवर नेला, की हे काम जवळजवळ थांबतं. पावाचंही तेच. फ्रीजमधला पाव दुसऱ्या दिवशी कोरडा आणि फ्रीझरमधला आठ दिवसांनी भाजला तरी ताजा.

अडचण आहे ती वरच्या नटण्यामुरडण्याची.

मॉडेलिंग चॉकलेट ज्यांनी हाताळलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चॉकलेट वितळवायचं आणि त्यात कोमट केलेलं लिक्विड ग्लुकोज मिसळायचं, एवढीच त्याची कृती. काळं चॉकलेट ३०० ग्रॅम असेल तर ग्लुकोज १०० ग्रॅम. पांढऱ्याला ७५ पुरे होतं, आणि एप्रिल-मे असेल तर त्याहून चमचाभर कमीच घ्या. उलथन्याने हलक्या हाताने कालवायचं. फार घोटलंत तर त्याला तूप सुटतं. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी गोळा दगडासारखा लागेल, घाबरू नका. हाताच्या उबेने मळत राहिलं की मोदकाच्या उकडीसारखा होतो. त्याची पोळी लाटून केकवर घालता येते आणि फुलं, पानं, चिमण्या, हवं ते करता येतं. मोदकाला कळ्या पाडणाऱ्या हाताला हे काम मुळीच परकं नाही. पाण्याचे रंग मात्र यात घालू नयेत, जेलचे किंवा तेलातले घ्यावेत. आणि चॉकलेट कंपाऊंडचं घेतलंत तरी चालेल. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ते जरा तग धरतं. चव खऱ्या चॉकलेटची नाही, हे मीच आधी कबूल करते.

आता फजितीची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमच्याच सोसायटीतल्या एका पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता. तिला लाल घोडा हवा होता. मला मंगळागौरीला सिन्नरला जायचं होतं, म्हणून मी केक चार दिवस आधी केला, पांढऱ्या मॉडेलिंग चॉकलेटने मढवला, वर आयाळबियाळ असलेला लालभडक घोडा उभा केला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवला. परत आले, वाढदिवसाच्या दिवशी दुपारी खोका बाहेर काढला आणि हौसेने लगेच झाकण उघडून ओट्यावर ठेवला. छान दिसत होता. मी आंघोळीला गेले.

बाहेर येऊन पाहते तर केकला दरदरून घाम फुटलेला. सगळीकडे बारीक बारीक थेंब. पांढऱ्या पोळीला हात लावावा तर बोट चिकटत होतं. घोड्याचा लाल रंग पायांवरून खाली ओघळून भोवती थारोळं झालेलं. पाच वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला असं दृश्य! मी शहाणपणा करून कागदी रुमालाने टिपायला गेले, तर कागदच चिकटून बसला. शेवटी घोडा काढून टाकला आणि वर किसलेलं चॉकलेट भुरभुरवलं. मुलीच्या आईने केक घेतला, "घोडा कुठाय?" एवढंच विचारलं. मी पैसे परत केले. ती भली, घेत नव्हती, पण मीच ठेवून आले. जिन्यात ती मुलगी माझ्याकडे बघत होती ना, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझा एक चुलत दीर पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या शीतगृहात कामाला आहे. तो दिवाळीत आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने फराळाच्या ताटातून मान वर न करता विचारलं, "वहिनी, थंड माल उघड्यावर काढलात?"

म्हटलं, हो.

"मग घाम येणारच. आमच्याकडे असं केलं तर नोकरी जाईल."

आपल्या नाशिकची द्राक्षं परदेशी जातात, हे आपण अभिमानाने सांगतो. १९९१ साली महाग्रेप्स निघाल्यापासून तर आपल्या कितीतरी बागाईतदारांनी हा रस्ता धरला. पण त्यामागे काय उठाठेव असते ती मला त्या दिवशी कळली. तोडलेली द्राक्षं लवकरात लवकर थंड करायची, शून्य अंशाच्या आसपास आणायची आणि मग ती साखळी तुटू द्यायची नाही. थंड खोलीतून थंड कंटेनरमध्ये माल भरताना मधली जागासुद्धा थंड लागते. बाहेरच्या उबदार हवेत वाफ असते, ती गार घडावर बसली की तिचं पाणी होतं, आणि ओले घड पेटीत सडतात. पन्ह्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तेच हे. ग्लासाच्या बाहेरचं पाणी पन्ह्यातून आलेलं नसतं ना? तसं माझ्या घोड्याचं पाणीही केकमधून आलेलं नव्हतं. ते श्रावणातल्या हवेतून आलं होतं.

"हवा गार वस्तूला शिवता कामा नये," दीर म्हणाला. "आधी वस्तू गरम होऊ द्या, मग उघडा. घाम यायचा तो डब्याला येऊ दे."

मैत्रिणींनो, इतकी वर्षं मी केकच्या पुस्तकांवर आणि क्लासवर पैसे घातले, पण हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. तेही चकली खाता खाता, फुकट!

पुढे मी दोन-चार केक अशा रीतीने करून पाहिले, सगळे घरचे, बिनऑर्डरीचे. जमले. पण खरी परीक्षा झाली ती गेल्या मे महिन्यात.

माझ्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. हिशेब केला तर ऐंशी वर्षं आणि दहा महिने होतात. विधी सकाळी, गुरुजींना बोलावून, आणि संध्याकाळी नातवंडांच्या हट्टासाठी केक. सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून कंडेन्स्ड मिल्कचा. मेणबत्त्या नाहीत, कारण लावलेली ज्योत फुंकून विझवायची ही गोष्ट त्यांना अजिबात पटत नाही. मीही आता त्यांच्या बाजूची झाले आहे. आधी औक्षण, मग केक.

केकवर काय करायचं ते मी मनाशी ठरवलं होतं. त्या पंचवटीतल्या ज्या वाड्यात नवी नवरी म्हणून आल्या, तो वाडा. आता तिथे पाच मजली इमारत आहे. दिंडीदरवाजा, ओसरी, ओसरीवरचा झोपाळा आणि पुढे अंगणात तुळशीवृंदावन. त्यांना न सांगता मी जुन्या गोष्टी काढून घेत होते. झोपाळ्याला कड्या पितळेच्या होत्या का, दरवाजा कुठल्या बाजूला उघडायचा. त्यांना संशय आला होताच. एकदा म्हणाल्या, "दुतोंड्या मारुतीसुद्धा करणार आहेस का?" मी म्हटलं, "देवावर सुरी कशी चालवायची?" त्यावर त्या हसल्या. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

सोहळा रविवारी होता. त्याच्या अकरा दिवस आधी, बुधवारी संध्याकाळी जळगावहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी ऑपरेशन.

मी स्वयंपाकघरात खाली बसले. एकीकडे आई आणि दुसरीकडे सासूबाईंचा आयुष्यात एकदाच येणारा दिवस. सगळी जुळवाजुळव माझ्यावर. हे काही बोलायच्या आत सासूबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. "तू जा," म्हणाल्या. "माझे चंद्र बघून झालेत. ते काही कुठे जात नाहीत."

केकचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीच ठरवलं की केक करूनच जायचं. तुम्ही म्हणाल, आई पडलीय आणि हिला केकचं सुचतंय. पण खरं सांगते, त्या रात्री हाताला काम नसतं तर मी वेडी झाले असते.

गुरुवारी दिवसभरात केक भाजले, निववले, मधे आणि वरून गनाश लावलं. गनाश म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. ते फ्रीझरमध्ये चांगलं राहतं, लोण्याचं आयसिंगही राहतं. मधे कस्टर्ड, जेली किंवा ताजी फळं भरू नका, सुटल्यावर त्यांचं पाणी पाणी होतं. रात्री मॉडेलिंग चॉकलेटच्या भिंती चढवल्या, विटांच्या रेघा ओढल्या, दरवाजा बसवला.

नाजूक भाग मात्र मी केकला लावलेच नाहीत. झोपाळ्याच्या कड्या, ओसरीचे खांब, तुळशीची पानं हे सगळं फ्रीझरमध्ये ठिसूळ होऊन मोडण्याची भीती असते. आणि त्याला गोठवायची गरजही नसते. नुसतं मॉडेलिंग चॉकलेट घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब, कितीतरी आठवडे चांगलं राहतं. तेव्हा वृंदावन, झोपाळा, खांब स्टीलच्या डब्यात कागद घालून ठेवले. चंदेरी मणी, सोनेरी वर्ख असलं काही लावायचं असेल तर तेही त्याच दिवशी लावा. ओल लागली की त्यांचा रंग सुटतो.

आता बांधणी. हे जरा लक्ष देऊन वाचा, कारण निम्मं यश इथेच आहे. केक आधी उघडाच तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवायचा, वरचा थर कडक होईपर्यंत. मऊ असताना गुंडाळलात तर प्लॅस्टिकच्या सुरकुत्या भिंतींवर उमटतात. कडक झाला की बाहेर काढून भराभर, दोन मिनिटांत, पातळ प्लॅस्टिकचे दोन वेढे, कुठेही फट न ठेवता. त्यावर ॲल्युमिनियम फॉईल. मग घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आणि झाकणाला चिकटपट्टी. पुठ्ठ्याचं खोकं नको, ते ओल धरतं. चॉकलेट शेजारच्याचा वास फार पटकन घेतं, म्हणून फ्रीझरमधला लसूण-मिरचीचा ठेचा मी शेजारणीकडे मुक्कामाला पाठवला. उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. फ्रीझर जितका भरलेला तितकी वीज गेल्यावर थंडी टिकते.

शुक्रवारी पहाटे डबा आत गेला. झाकणावर ह्यांनी कागद चिकटवला : "उघडू नये. आज्ञेवरून." दुपारच्या गाडीने मी जळगावला गेले.

तिथले आठ दिवस मी लिहीत नाही. ऑपरेशन नीट झालं. आईने शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "विहीणबाईंचा दिवस कधी आहे? तू इथे कशी?"

मंगळवारी रात्री ह्यांचा फोन. नाशिकला वळवाचा पाऊस झाला होता, झाडं पडली होती आणि संध्याकाळी सहापासून वीज नव्हती. मी म्हटलं, "फ्रीझर उघडला नाहीत ना?" तर म्हणाले, "उघडणार कसा? गोधडी पांघरून निजवलाय त्याला." खरोखरच त्यांनी आजीच्या दोन गोधड्या त्याच्यावर घातल्या होत्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वीज पहाटे चारला आली. वीज यायच्या आत किंवा आल्याबरोबर गोधडी काढायला हवी, नाहीतर मोटारीची गरम हवा कोंडते. हे त्यांना मी फोनवर तीनदा बजावलं होतं, आणि ते बिचारे त्यासाठी जागे राहिले होते. भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता दीड-दोन दिवस तग धरतो, दहा तासांचं त्याला काहीच नाही. पण मला झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

शुक्रवारी रात्री मी परत आले. शनिवारी सकाळी दहाला डबा डीप फ्रीझरमधून काढून, तसाच बांधलेला, साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. त्यासाठी दोन जाळ्या काढाव्या लागल्या आणि दूध-भाज्या शेजारी गेल्या. तिथे चोवीस तास. मघाशी मी फ्रीजला नावं ठेवली, पण हा एक दिवस सोसावाच लागतो. गोठलेला केक एकदम उन्हाळ्यात आणला तर आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेळी फुगतो, आणि वरच्या पोळीला तडे जातात.

शनिवारी दुपारी वन्सं आल्या. मी सगळा प्रकार सांगितला. त्या हळूच म्हणाल्या, "आईला मात्र नऊ दिवसांचा आहे म्हणून सांगू नकोस हं. शिळं म्हणेल. आणि अशा दिवशी!"

हीच तर माझ्या मनातली खुपणारी गोष्ट होती. आमच्या घरात सकाळची पोळी रात्री सासूबाईंच्या ताटात जात नाही. मंगलकार्याला शिळं चालत नाही, हे मी या घरात पहिल्या आठवड्यात शिकले. इंग्लंडात म्हणे लग्नाच्या केकचा वरचा मजला पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत जपून ठेवायची रीत होती. पण तो दारूत मुरवलेल्या सुक्या मेव्याचा केक, तो दाखला सासूबाईंपुढे काय नेणार! न सांगण्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण त्या माझ्या हातचं विश्वासाने खातात. त्यांच्या एवढ्या मोठ्या दिवशी मी त्यांना फसवून घास भरवायचा?

रात्री सगळे निजल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या. मी दिवा लावला आणि सांगून टाकलं. केक नऊ दिवसांपूर्वीचा आहे, गोठवलेला आहे, खराब मुळीच नाही, पण ताजाही नाही. तुम्हाला नको वाटला तर मी सकाळी लवकर उठून छोटासा दुसरा करते.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "संक्रांतीचा हलवा काय त्याच दिवशीचा असतो का गं?"

आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एकोणतीस वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती.

१९६५ ची त्यांची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. दागिने त्यांच्या आईने केले होते, शेगडीसमोर परात घेऊन, एकेक चमचा पाक घालत, दिवसचे दिवस. पौषातल्या कोरड्या थंडीत हलव्याला काटा चांगला येतो, म्हणून पहाटे उठून करायची. हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी. संक्रांत झाल्यावर सासूबाईंनी ते खाल्ले नाहीत, वाटले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवून दिले. वर्ष गेलं, तरी जसेच्या तसे. पुढच्या आषाढात त्यांची आई गेली. दिवस करून त्या परत आल्या आणि भर पावसात, रात्री, तो डबा काढून उघडला. "नुसतं बघायचं होतं," म्हणाल्या. "खूप वेळ उघडाच ठेवला मांडीवर. मग परत झाकण लावलं. आठ दिवसांनी उघडला तर सगळ्याचा एक गोळा. ओल लागली होती. काटा गेला, मणी गेले. दोरा तेवढा राहिला होता."

मी काहीच बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "तुझा डबा कधी उघडायचाय?"

"उद्या दहाला फ्रीजमधून काढायचा. मग बाहेर चार-पाच तास बंदच ठेवायचा."

"पंखा?"

"पंखा चालेल. कूलर नको."

"कूलर नकोच," त्या म्हणाल्या, जणू काही आयुष्यभर केकच करत आल्या होत्या.

कूलरचं मात्र खरंच लक्षात ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघर कूलर असतो, आणि तो हवेत ओल सोडत असतो. गार केकापाशी कूलर म्हणजे श्रावणच आणून बसवल्यासारखा. एसी चालतो, तो हवा कोरडी करतो. आमच्याकडे एसी एकाच खोलीत आहे, मुलाच्या. तेव्हा रविवारी सकाळी दहाला डबा त्याच्या टेबलावर गेला आणि दार बंद. बाहेर अडतीस अंश. गुरुजींसकट सगळे पाहुणे कूलरपाशी आणि केक एकटा एसीत. ह्यांनी यावर दिवसभर विनोद केले.

विधी चालू असताना मी दोनदा आत जाऊन पाहून आले. डब्याला बाहेरून थेंब थेंब सुटले होते, टेबलावर पाणी जमलं होतं. तिसऱ्यांदा गेले तर सासूबाई आत! पैठणी नेसून, गळ्यात हार, डब्याकडे बघत उभ्या. "याला घाम आलाय गं," म्हणाल्या.

"डब्याला येऊ दे. आपण नाही उघडायचा."

"नाहीच उघडायचा," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि पहाऱ्याला बसल्या. बाहेर लोक नमस्काराला खोळंबलेले. वन्संनी येऊन त्यांना अक्षरशः उठवून नेलं.

तीनच्या सुमारास डबा बाहेरून पूर्ण कोरडा झाला. हात लावला तर गार लागेना. हीच खूण. घड्याळापेक्षा हाताला विचारा. मी टॉवेलने सगळं पुसलं, चिकटपट्टी काढली, फॉईल काढली, प्लॅस्टिक हळूहळू सोडवलं. भिंती कोरड्या होत्या. बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही. एका कोपऱ्याला केसाएवढी चीर होती, ती वितळलेल्या चॉकलेटने बुजवली. रंग थोडा फिका वाटला, एवढंच. मग स्टीलच्या डब्यातून खांब काढून बसवले, झोपाळा टांगला. वृंदावन केकवर नाही, पुढे लाकडी पाटावर ठेवलं, अंगणात असतं तसं.

संध्याकाळी औक्षण झालं. केक आणला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "दिंडीला आडणा नाही केलास." खरंच, आडणा राहिला होता! मग त्यांनी ओसरीचा कोपरा कापला आणि पहिला घास मला भरवला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "नऊ दिवसांचा आहे बरं का. सुनेने सांगूनच केलाय." वन्संचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. केक मात्र दहा मिनिटांत संपला, पार दिंडीदरवाजासकट.

वृंदावन तेवढं सासूबाईंनी कुणाला तोडू दिलं नाही. "ते हिच्या आईचं," म्हणाल्या. जळगावच्या उन्हात ते पोचायचं नाही, वाटेतच वितळेल, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, "मग ती येईल."

आता आषाढ लागलाय. आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालते. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत प्रवासाला परवानगी देऊ म्हटलंय. वृंदावन स्टीलच्या डब्यात आहे, झाकणाला चिकटपट्टी लावून, सासूबाईंच्या कपाटात. परवा मला सहज वाटलं, जरा बघावं पानं ठीक आहेत का. मी डब्याला हात लावला मात्र, मागून आवाज आला, "पाऊस आहे बाहेर. ठेव तो जागेवर."